शेजाऱ्यांना सरकारी मदत मिळाली, आम्हाला नाही. मग विमा कशाला?

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडं संक्षिप्त करून देतो:

«आमचं घर नदीपासून फार लांब नाही. घराचा विमा आम्ही दरवर्षी न चुकता भरतो. मागच्या पुरात तळमजल्यावर पाणी शिरलं. कंपनीने क्लेम दिला, पण घसारा (वस्तू जुनी झाल्याची वजावट) आणि कसल्या कसल्या अटी दाखवून बरीच रक्कम कापली. सरकारी मदतीच्या यादीतून आमचं नाव वगळलं, कारण आमचा विमा होता. शेजारच्यांनी कधीच विमा उतरवला नव्हता, त्यांना अनुदान मिळालं. आता नूतनीकरणाची नोटीस आली आहे आणि हप्ता वाढलाय. माझे दीर म्हणतात, ‘वहिनी, वेळ आली की सरकार देतंच. आपण हे पैसे कशाला घालवतोय?’ यजमानांनाही आता ते पटायला लागलंय. मला धाकधूक वाटते, पण त्यांना काय उत्तर द्यावं ते सुचत नाही. विमा बंद करावा का?»

ताई,

विमा बंद करू नका. पण आहे तीच पॉलिसी, आहे तशीच, डोळे मिटून पुन्हा घेऊही नका. ती बदलून घ्यायची आहे. कशी, ते पुढे सांगतो. आधी तुमच्या दिरांच्या म्हणण्याकडे नीट पाहू, कारण त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे आणि ते उडवून लावलं तर घरातला वाद मिटणार नाही.

तुम्हाला जे खुपतंय ते खरंच खुपण्यासारखं आहे. वर्षानुवर्षं स्वतःच्या खिशातून हप्ता भरायचा, आणि पूर आला की ‘तुमचा विमा आहे ना?’ असं म्हणून मदतीच्या रांगेतून बाजूला काढायचं. यामागचा नियम सरळ आहे: एकाच नुकसानीची भरपाई दोनदा मिळू नये. अमेरिकेत १९८८ च्या स्टॅफर्ड कायद्यात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. ऑस्ट्रियात आपत्तीसाठी करातून उभा केलेला सरकारी निधी आहे, तिथेही विम्याचे पैसे मिळाले तर तेवढी मदत कमी होते. सरकारी तिजोरीच्या बाजूने बघितलं तर यात चूक काढता येणार नाही. पण हप्ता भरणाऱ्या माणसाला यातून एकच अर्थ लागतो, की सावध राहिलं म्हणून आपल्याला शिक्षा झाली. पुढच्या वर्षी तो विमा सोडतो. तुमच्या घरात आज नेमकं हेच चाललंय, आणि जगात ठिकठिकाणी हेच होतं.

अर्थशास्त्रज्ञ यावर बरीच वर्षं विचार करत आले आहेत. जेम्स बुकॅनन यांनी १९७५ मध्ये मदत करणाऱ्याची अडचण मांडली होती: संकटातल्या माणसाकडे पाठ फिरवणं भल्या माणसाला जमत नाही, आणि हे एकदा सगळ्यांना कळलं की संकटाची तयारी आधीच करून ठेवण्याचं कारण उरत नाही. दोन वर्षांनी फिन किडलँड आणि एडवर्ड प्रेस्कॉट यांनी पूरपट्ट्याचंच उदाहरण घेतलं. सरकार आज कितीही बजावून सांगो की इथे घरं बांधू नका, आम्ही बांध घालणार नाही. लोकांना पक्कं ठाऊक असतं, की घरं उभी राहिली आणि वस्ती झाली की सरकार बांध घालणारच. तुमचे दीर ‘सरकार देतंच’ म्हणतात तेव्हा ते हाच हिशेब करत असतात.

आणि तो हिशेब पुष्कळदा बरोबर ठरतो. जर्मनीत २००२ च्या ऑगस्टमध्ये एल्बे नदीला महापूर आला, तेव्हा पुनर्बांधणीसाठी सरकारने ७.१ अब्ज युरोंचा निधी उभा केला. २०१३ मध्ये पुन्हा पूर आला, तेव्हा ८ अब्ज. २०२१ च्या जुलैमध्ये आर नदीच्या खोऱ्यात गावंच्या गावं वाहून गेली, तेव्हा ३० अब्ज. त्यात विमा नसलेल्या घरमालकांनाही नुकसानीच्या ८० टक्क्यांपर्यंत भरपाई मिळण्याची सोय होती. मधल्या काळात बव्हेरिया राज्याने जाहीर केलं होतं, की १ जुलै २०१९ पासून ज्या नुकसानीचा विमा काढता आला असता त्याला तातडीची सरकारी मदत मिळणार नाही. तारीख ठरली, घोषणा झाली. तरी २०२४ च्या जूनमध्ये पाणी घरांत शिरलं आणि राज्याला पुन्हा कोट्यवधी युरोंची मदत जाहीर करावीच लागली. छपरावर बसलेल्या माणसाला ‘तुम्ही विमा काढायला हवा होता’ असं सांगणारा पुढारी कुठेच सापडणार नाही, आणि सापडू नये असंच मलाही वाटतं.

पण याच तीन पुरांकडे आणखी एकदा बघा. २००२, २०१३ आणि २०२१, तिन्ही वर्षी पुरानंतर चार महिन्यांच्या आत, सप्टेंबरमध्ये, जर्मनीत राष्ट्रीय निवडणूक होती. निवडणूक नसती तर मदत मिळाली नसती असं मी म्हणत नाही. पण तुमच्या घरात पाणी कधी शिरेल हे जसं तुमच्या हातात नाही, तसंच त्या वेळी राजकारणाचं वारं कुठल्या दिशेने असेल तेही नाही. अमेरिकेतल्या आपत्ती निधीचा अभ्यास थॉमस गॅरेट आणि रसेल सोबेल यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या हिशेबाने त्या मदतीतला जवळपास निम्मा भाग राजकीय कारणांनी ठरत होता. याहून अस्वस्थ करणारा अभ्यास आहे थॉमस आयझेन्सी आणि डेव्हिड स्ट्रॉमबर्ग यांचा, २००७ चा. १९६८ ते २००२ या काळात जगभरात आलेल्या सुमारे पाच हजार आपत्तींच्या वेळी अमेरिकेने त्या त्या देशांना मदत पाठवली की नाही, हे त्यांनी तपासलं. ऑलिम्पिक चालू असताना किंवा बातम्यांत दुसरं काही मोठं गाजत असताना जी आपत्ती आली, तिच्याकडे लक्ष कमी गेलं आणि मदत मिळण्याची शक्यताही घटली. माणसं तितकीच मेली, घरं तितकीच पडली, फक्त तारीख आडवी आली. ती मदत परदेशांना होती हे खरं. पण जनतेचं लक्ष जिथे असतं तिथेच पैसा आधी पोचतो, हे देशातल्या मदतीबद्दलही विसरून चालत नाही.

यातून निघणारी एक साधी गोष्ट दिरांना जरूर विचारा. मदत मिळते ती हजारो घरं एकदम बुडाल्यावर. उद्या रात्री फक्त तुमच्याच घरात शॉर्टसर्किट झालं, किंवा मुसळधार पावसात फक्त तुमच्याच गल्लीतलं पाणी तुंबून तळमजल्यात शिरलं, तर? तेव्हा मंत्री येत नाहीत, याद्या होत नाहीत. घरच्या विम्यात आग, चोरी, पूर सगळं एकत्र असेल, तर ‘सरकार देतं’ म्हणून तो बंद करताना ज्या संकटांत सरकार सहसा काही देत नाही त्यांचंही छत्र तुम्ही काढून टाकता.

आता मुख्य मुद्दा. हा समजला की बाकीचं आपोआप जागेवर बसतं.

सरकारी मदतीला बहुतेक ठिकाणी वरची मर्यादा असते; नुकसानीला नसते. समजा तुमच्या घराची आणि सामानाची मिळून किंमत शंभर धरली, आणि मदत म्हणून मिळतात पाच. नुकसान दहाचं झालं तर त्या पाचांनी निम्मं काम भागतं, शेजारी म्हणतो ‘बघा, मिळाले की नाही?’ पण भिंती खचल्या आणि नुकसान ऐंशीचं झालं, तर तेच पाच पडतात आणि पंच्याहत्तरांचा खड्डा राहतो. अमेरिकेत २०१७ मध्ये हार्वे वादळाच्या पुरानंतर विमा नसलेल्या कुटुंबांना मिळालेलं सरकारी अनुदान सरासरी काही हजार डॉलर होतं, आणि ज्यांचा पुराचा विमा होता त्यांचा सरासरी क्लेम एक लाख डॉलरच्या वर गेला. तिथल्या अनुदानाचा उद्देशच मुळी घर राहण्याजोगं करून देणं एवढा आहे, पूर्वीसारखं करून देणं हा नाही. त्यापलीकडे जे मिळतं ते पुष्कळदा कमी व्याजाचं कर्ज असतं, म्हणजे फेडायचंच.

तुमच्या शेजाऱ्यांना मागच्या वेळी अनुदान पुरलं, कारण पाणी तळमजल्यापर्यंतच आलं होतं. ते छोटं नुकसान होतं. त्यावरून मोठ्या नुकसानीचा अंदाज बांधणं धोक्याचं आहे, कारण मदत नेमकी जिथे सर्वांत अपुरी पडते तिथे आपण तिच्यावर सर्वांत जास्त विसंबून राहतो. म्हणून माझं सांगणं उलटं आहे: लहान नुकसान स्वतःच्या बचतीतून सोसायचं, मदत मिळालीच तर ती त्याला जोडायची, आणि जे नुकसान तुम्हाला कर्जात बुडवेल त्याच्यासाठी विमा ठेवायचा. आपण बहुतेकजण याच्या विरुद्ध वागतो. खराब झालेल्या गाद्या आणि फुगलेल्या कपाटाचे पैसे विम्यातून वसूल व्हावेत म्हणून धडपडतो, आणि घर पडलं तर काय, या प्रश्नाला ‘सरकार बघेल’ असं उत्तर देतो.

विमा कंपनीवरचा तुमच्या यजमानांचा राग मला कळतो. ऐन वेळी अटी दाखवल्या की माणसाचा विश्वासच उडतो. पीटर वॅकर, रिचर्ड थेलर आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९९७ मध्ये लोकांना विचारलं होतं, की शंभरात एकदा तुमचा रास्त क्लेमही दिला जाणार नाही अशी पॉलिसी असेल, तर हप्ता किती कमी हवा? लोकांनी सरासरी वीस टक्क्यांहून जास्त सूट मागितली. एक टक्का अनिश्चिततेसाठी वीस टक्के! पैसे मिळतील की नाही ही शंका माणसाला इतकी डाचते. मग हीच कडक मोजपट्टी सरकारी मदतीलाही लावा ना. मदत मिळेल की नाही, किती मिळेल, कधी मिळेल, यादीत आपलं नाव येईल का, यातलं काहीही आधी लिहून दिलेलं नसतं. आर खोऱ्यात ८० टक्के भरपाई कागदावर होती, तरी अर्ज, नुकसानीचे अहवाल, पुरावे यांतून जाऊन पैसे हाती पडायला अनेक कुटुंबांना महिनोन् महिने वाट पाहावी लागली. मदतीतही कागदपत्रं असतात, तिथेही कापाकापी होते. फरक एवढाच, की पॉलिसी तुम्ही आज, कोरड्या घरात बसून वाचू शकता आणि कंपनीने शब्द फिरवला तर तक्रार करायला हातात करार असतो. मदतीचे नियम पुष्कळदा पाणी ओसरल्यावर जाहीर होतात.

एक गोष्ट मात्र लोकांच्या बाजूने सांगायला हवी. ‘लोक फुकटच्या मदतीच्या आशेने विमा काढत नाहीत’ हे सर्रास बोललं जातं, आणि ते सर्वांना लागू नाही. हॉवर्ड कुनरूथर आणि सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या पूर आणि भूकंपाच्या पट्ट्यांतल्या घरमालकांशी बोलून मोठा अभ्यास केला. विमा नसलेल्यांपैकी बहुतेकांना सरकारी मदतीची अपेक्षाच नव्हती. ‘आपल्याकडे नाही होणार तसं’ असं समजून त्यांनी तो विचारच बाजूला ठेवला होता. पूर आला की विमा काढणाऱ्यांची संख्या उसळते आणि काही वर्षं कोरडी गेली की ओसरते. अमेरिकेतल्या पूर विम्याच्या पॉलिसी लोक साधारणपणे दोन ते चार वर्षांतच सोडून देतात असं दिसून आलं आहे. त्यामुळे दिरांना किंवा शेजाऱ्यांना आयतोबा ठरवू नका. पुष्कळ घरांत हप्ता खरंच परवडत नाही. तिथे सरकारी मदत हाच आधार असतो, आणि तो असलाच पाहिजे.

तुमचं घर मात्र आजवर हप्ता भरू शकलेलं आहे, म्हणून तुम्हाला पुढचं सांगतो.

मागच्या क्लेमचं पत्र शोधून काढा. नुकसान मोजायला आलेल्या सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत नसेल तर कंपनीकडे लेखी मागा. त्यात प्रत्येक वस्तूपुढे तीन आकडे असतील: तुम्ही सांगितलेली किंमत, त्यातून वजा केलेला घसारा आणि मंजूर रक्कम. दहा वर्षं वापरलेल्या फ्रिजला नव्या फ्रिजची किंमत मिळत नाही, कारण पॉलिसी बाजारभावाची असते. काही पॉलिसी बदली किमतीच्या असतात, त्यांत जुन्याच्या जागी तशीच नवी वस्तू घेण्याचा खर्च धरतात. हप्ता जास्त असतो, पण निदान इमारतीसाठी तरी तोच पर्याय घ्या. घर पुन्हा बांधायचं झालं तर सिमेंट, लोखंड आणि मजुरी आजच्या भावानेच द्यावी लागते.

नंतर बघा की कपातीत ‘कमी विमा रक्कम’ असं काही कारण आहे का. अनेकांना हा नियम माहीत नसतो आणि सर्वांत जास्त मनस्ताप याच्यामुळेच होतो. घराची किंमत शंभर असताना तुम्ही विमा पन्नासाचा उतरवला असेल, तर नुकसान वीसच झालं तरी पुष्कळ पॉलिसींमध्ये वीसचे निम्मे, म्हणजे दहाच मिळतात. माणसाला वाटतं, पन्नासाचा विमा आहे आणि नुकसान तर वीसचंच आहे, मग पूर्ण का नाही? हप्ता वाचवायला विमा रक्कम कमी करणं हा म्हणूनच सर्वांत वाईट मार्ग. अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं, की जिथे सरकारी अनुदान जास्त वाटलं गेलं तिथे लोकांनी पॉलिसी सोडली नाही, पण विमा रक्कम उतरवली. सरकारी कर्जाचा असा परिणाम दिसला नाही. ते फेडायचं असतं हे सगळ्यांना कळतं. तुमच्याही घरात ‘बंद नको, निम्मी करू’ अशी तडजोड निघण्याची शक्यता आहे. ती मान्य करू नका.

हप्ता कमी करायचा खरा उपाय दुसरा आहे. प्रत्येक क्लेममधला स्वतः सोसायचा वाटा वाढवून घ्या. त्याला डिडक्टिबल किंवा एक्सेस म्हणतात. कर्ज न काढता आणि कुणापुढे हात न पसरता किती नुकसान सोसता येईल, हा आकडा तुम्ही दोघांनी मिळून ठरवा आणि तेवढा वाटा स्वतःकडे घ्या. तेवढी रक्कम बँकेत वेगळी बाजूला असू द्या. विमा रक्कम मात्र पूर्ण ठेवा. यामुळे लहान क्लेमची कटकटही जाते आणि मोठ्या संकटात पॉलिसी खरी उपयोगी पडते. दिरांना हे पटेल असं वाटतं, कारण त्यांची मूळ तक्रार हप्त्याबद्दल आहे.

पुराची व्याख्याही पॉलिसीत काढून वाचा. नदीचं पाणी, गटार उलटून आलेलं पाणी आणि जमिनीखालून झिरपलेलं पाणी ही विम्याच्या भाषेत तीन वेगळी संकटं असू शकतात. तळमजल्याला वेगळी मर्यादा आहे का, तेही बघा. न कळलेलं वाक्य एजंटला तोंडी विचारू नका. ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

आणखी एक चौकशी करा: तुमच्याकडची सरकारी मदत विम्याशी कशी जोडलेली आहे? हे सगळीकडे सारखं नसतं. स्पेनमध्ये पूर-भूकंपाची भरपाई एक सरकारी संस्थाच देते, पण ज्याच्याकडे आधीपासून मालमत्तेची पॉलिसी आहे त्यालाच. त्या पॉलिसीवरच्या अधिभारातूनच तिचा निधी उभा राहतो. न्यूझीलंडमध्येही घराचा विमा असेल तरच सरकारी आपत्ती विम्याचं छत्र मिळतं. फ्रान्समध्ये १९८२ पासून नैसर्गिक आपत्तीचं संरक्षण मालमत्तेच्या प्रत्येक विम्याला सक्तीने जोडलेलं आहे; त्यासाठीचा अधिभार २०२५ पासून १२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर नेला गेला. अशा ठिकाणी पॉलिसी बंद केली तर सरकारी आधारही त्याच दिवशी जातो. अमेरिकेत पूरपट्ट्यातल्या घराने एकदा आपत्ती मदत घेतली की पुढे पुराचा विमा चालू ठेवावा लागतो, नाहीतर पुढच्या पुरात तशी मदत नाकारली जाऊ शकते. तुमच्या शेजाऱ्यांच्या मंजुरीपत्रात अशी काही अट आहे का, हे त्यांना वाचायला सांगा. कदाचित त्यांनाच ठाऊक नसेल.

मदतीच्या यादीतून तुम्हाला वगळलं, त्याबद्दलही एक अर्ज करून बघा. एकाच नुकसानीचे पैसे दोनदा मिळत नाहीत, पण विम्याने जे दिलंच नाही, त्या फरकासाठी मदत मागता येते अशा योजना असतात. सर्व्हेअरचा अहवाल तिथेही लागेल. मिळेलच असं धरून चालू नका, पण मागण्यात कमीपणा नाही. ज्यांनी हप्ता भरला त्यांचंही नुकसान झालेलं आहे, आणि हे अधिकाऱ्यांच्या टेबलापर्यंत कुणीतरी लेखी पोचवलंच पाहिजे.

हे सगळं नूतनीकरणाच्या तारखेआधी उरका. बदल ठरत नसतील तर तूर्त आहे तीच पॉलिसी चालू ठेवा आणि बदल नंतर करून घ्या, पण खंड पडू देऊ नका. पुराच्या विम्याला पुष्कळ ठिकाणी प्रतीक्षा काळ असतो. अमेरिकेतल्या सरकारी योजनेत नव्या पॉलिसीला तो ३० दिवसांचा आहे. पॉलिसी बंद झाली आणि मग आकाशात ढग बघून तुम्ही कंपनीकडे धावलात, तर त्या पावसाचं पाणी तुमच्या विम्यात धरलं जाणार नाही.